मदत हवी आहे: घर शाळेच्या १ किलोमीटरच्या आत घ्यावं की चेकनाक्यापलीकडे?

नमस्कार,

पंधरा दिवसांत टोकन द्यायचं की नाही ते ठरवायचं आहे, म्हणून घाईत लिहितेय. काही राहून गेलं तर विचारा.

आम्ही दहिसर पूर्वेला रावळपाड्याच्या बाजूला भाड्याने राहतो. मुलगी तिसरीत आहे, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायदा) २५ टक्क्यांतून, म्हणजे खासगी शाळेतल्या मोफत राखीव जागेवर लागलेली. मुलगा सिनियर केजीत, म्हणजे पुढच्या वर्षी पहिलीत, त्याचाही आरटीईचा फॉर्म भरायचा आहे. आम्ही ओबीसीत येतो, त्यामुळे १ लाख उत्पन्नाची अट आम्हाला लागत नाही. हे आधीच सांगते, कारण 'कर्ज मिळतंय म्हणता, मग आरटीई कसं?' हे आम्हाला नातेवाईकसुद्धा विचारतात.

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली आहे. मालकांनी डिसेंबरपर्यंत मुदत दिली. परत भाड्याचं घर, परत डिपॉझिट, परत मुलांचं सगळं हलवणं आता नको वाटतं, म्हणून घेऊनच टाकू असं ठरलं.

दोन जागा पसंत आहेत. एक मुलीच्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. जुनी सोसायटी, चौथा मजला, लिफ्ट नाही, वन बीएचके, ३६० कार्पेट, ८२ लाख. दुसरी मीरा रोडला. ४५० कार्पेट, लिफ्ट आहे, ओसी (इमारतीत राहायच्या परवानगीचा दाखला) आलेली आहे, ६३ लाख. पण चेकनाका ओलांडला की जिल्हा ठाणे, महानगरपालिका वेगळी, आणि शाळा तिथून चार किलोमीटरच्या वर जाते.

आरटीईत शाळा निवडताना सगळा खेळ अंतराचा असतो हे ज्यांनी फॉर्म भरलाय त्यांना माहीत आहे. २०२४ ला आधी १ किलोमीटरच्या आतले घेत होते, मग ३ पर्यंतचे. मुलीच्या वेळी आम्ही त्यासाठीच घर बदललं होतं. २०२३ च्या दिवाळीनंतर ४ हजार जास्त भाडं देऊन इथे आलो. एजंट घरी थंब मशीन घेऊन आला, ११ महिन्यांचा करार रीतसर नोंदवला, कारण नोंदवलेला नसेल तर पत्त्याचा पुरावा म्हणून धरत नाहीत. वाटलं, सुटलो.

आणि ९ फेब्रुवारी २०२४ ला नियमच बदलला. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांतून सूट. मुंबईसारख्या ठिकाणी पालिकेची शाळा हाकेच्या अंतरावर असतेच. एप्रिलमध्ये फॉर्म उघडला तेव्हा आमच्या यादीत पालिकेच्या आणि अनुदानित शाळाच दिसल्या. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघं मोबाईलवर नकाशातला तो बलून गेटवरून मागच्या विंगवर सरकवून बघत होतो, की थोडा इकडेतिकडे झाला तर ती शाळा दिसेल. अंतराचा तिथे प्रश्नच नव्हता, शाळाच यादीतून गेली होती.

६ मे ला हायकोर्टाने स्थगिती दिली. परत फॉर्म भरले. ७ जूनला लॉटरी निघाली, पण निकाल कोर्टात अडकला. १९ जुलैला हायकोर्टाने तो बदल रद्द केला तेव्हा कुठे यादी लागली. (ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानेही हायकोर्टाचाच निकाल कायम ठेवला.) जूनमध्ये मजल्यावरच्या तिच्या मैत्रिणी रेनकोट घालून शाळेत जायला लागल्या होत्या. ही रोज सकाळी नवं दप्तर पाठीला लावून दाराशी उभी राहायची. आज तरी जायचं का, विचारायची. मला ते अजून आठवतं आणि पोटात कालवतं. जुलैच्या शेवटी वर्गात बसली तेव्हा वह्या निम्म्या भरलेल्या होत्या. गणपतीपर्यंत रोज रात्री आम्ही दोघी मागचा अभ्यास उतरवत बसायचो.

म्हणून आता भीती वाटते. भाड्याचं घर चुकलं तर ११ महिन्यांनी सोडता येतं. २० वर्षांचं कर्ज सोडता येत नाही. तो नियम कोर्टात टिकला नाही हे खरं, पण तेवढ्या पाच महिन्यांत आमचं जे व्हायचं ते झालंच.

यांचं म्हणणं दहिसरचंच घ्यावं. मुंबईतली जागा आहे, मेट्रो चालत जाण्याच्या अंतरावर आहे, यांना अंधेरीला जायला सोपं, मुलीची शाळा हलणार नाही. सासूबाई म्हणतात, मुलाला पालिकेच्या शाळेत घाला. यांची बहीण पालिकेच्याच शाळेत शिकून नर्स झाली आहे, त्यामुळे त्या उगाच म्हणत नाहीत. पालिकेच्या सीबीएसई शाळाही आता आहेत. पण बहिणीला एक शाळा आणि भावाला दुसरी, हे तो मोठा झाल्यावर कसं घेईल, या विचारापाशी मी अडते.

मला विचारायचं आहे ते हे. मुलगी लागल्यानंतर आम्ही मीरा रोडला गेलो तर तिच्या प्रवेशाला धक्का लागतो का? प्रत्यक्षात कुणी असं घर बदललंय का, शाळेने काय मागितलं? मोठी बहीण त्याच शाळेत असल्याचा मुलाला लॉटरीत काही उपयोग झाल्याचा कुणाचा अनुभव आहे का? आणि फॉर्म निघतील तेव्हा नव्या घराचा करार नोंदवून झालेला असेल, पण ताबा मिळालेला नसेल, तर कोणता पत्ता टाकायचा? खोटा पत्ता टाकायचा नाही. पडताळणीत तिथे राहत नाही असं निघालं तर प्रवेश जातो, आणि तसं करायचंही नाही.

भर (रविवार रात्र):

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन प्रतिसादांनी आम्हाला वहीपेन घेऊन बसवलं.

पहिला हिशोबाचा. १९ लाखांचा फरक, साडेआठ टक्के, २० वर्षं, म्हणजे हप्त्यात महिन्याला सुमारे साडेसोळा हजार जास्त. वर्षाचे जवळजवळ २ लाख. मुलीच्या शाळेची फी वर्षाला ७० हजार आहे. म्हणजे मुलाची एक फी वाचवायला आम्ही दोन मुलांच्या फीपेक्षा जास्त रक्कम बँकेला देणार होतो. हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण हप्ता आणि फी आम्ही कधी एका पानावर लिहिलेच नव्हते.

दुसरं, ज्या ताईंनी आठवण करून दिली की ही सवलत आठवीपर्यंतच असते. नववीपासून पूर्ण फी. मुलीची आता सहा वर्षं उरली, आणि कर्जाची वीस.

तरी मीरा रोडला लगेच हो म्हणवत नाही, कारण मुलगी रोज बसने चार किलोमीटर येणार, आणि पावसात हायवेला चेकनाक्यावर काय होतं ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दहिसरच्या मालकांना ७६ लाखांना देता का विचारलंय. बुधवारी सांगतो म्हणाले. तोवर प्रवेशानंतर जिल्हा बदललेलं कुणी असेल तर कृपया लिहा. शाळेचं नाव नको, काय कागद मागितले एवढंच पुरे.