मदत हवी आहे: वाळूत ठेवलेल्या गाजरांना मुळं फुटताहेत

सेंद्रिय गाजरं आणि बीट काढून सहा आठवडे झाले. न धुता, गाजराचा पाला पार कापून, बीटाचा दोन बोटं देठ ठेवून, लाकडी खोक्यांत ओलसर वाळूचे थर देऊन रचलीत. बीट ठणठणीत आहे. गाजरांना मात्र पांढरी तंतुमुळं आणि डोक्याला कोंब आलेत. तळातली चार-पाच बुरशीने मऊ पडली, ती लगेच काढली. खोली ८ ते १० अंशांवर असते, साठवणीला लागणारे ० ते २ अंश इथे जमणार नाहीत. सफरचंदं जवळ नाहीत (त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने गाजर कडू होतं, माहीत आहे). वाळू मुठीत दाबली की गोळा होतो, पाणी गळत नाही. एका खोक्यात कोरडी वाळू वापरून पाहिली, तर गाजरं आठवड्यात सुरकुतली. याच तापमानात वाळू नेमकी किती ओली ठेवावी, की सरळ लाकडाचा भुसा घ्यावा?