दुखण्याची गोळी घेतली की माणसांत बसता येतं. आता थांबवायची कशी?

कृष्णाकाठची

पहिल्यांदाच लिहितेय. वय ३१, कराडजवळच्या एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशोबाने मिळणाऱ्या मानधनावर, शिकवते.

वर्गात मला काही होत नाही. ८० मुलं समोर असली तरी खडू हातात आला की बोलायला लागते. त्रास वर्गाबाहेरचा आहे. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर डबा उघडला की घास तोंडाशी नेताना हात हलतो. एकदा वरणभात ओढणीवर सांडला, तेव्हापासून डबा स्कूटीच्या डिकीतच ठेवते आणि चार वाजता घरी येऊन जेवते. मस्टरवर सही करणं त्याहून अवघड. समोर क्लार्क, मागे दोघंतिघं उभे, आणि माझं पेन वेलांटीपाशी अडखळतं. एकदा क्लार्क म्हणाले, "मॅडम, ही सही बिलावरच्या सहीशी जुळत नाही." सहज म्हणाले असतील. त्या रात्री मी वहीची दोन पानं भरून सह्या केल्या. घरी सगळ्या एकसारख्या आल्या.

गेल्या जूनमध्ये अक्कलदाढ काढली. डॉक्टरांनी ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी पाच दिवसांसाठी दिली. दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेले, मस्टर पुढे ओढलं, सही केली. बाहेर आल्यावर लक्षात आलं, मागे कोण उभं होतं ते मी बघितलंच नाही. दाढेमुळे मऊ खिचडी नेली होती, ती सगळ्यांत बसून खाल्ली. ती खिचडी मला अजून आठवते.

पाच दिवस संपले. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या त्याच गोळ्या घरात उरल्या होत्या. त्याही संपल्यावर मिळत गेल्या, कुठून ते लिहीत नाही. आधी फक्त मीटिंगच्या दिवशी घ्यायचे, दिवाळीनंतर रोज सकाळी. आता सकाळी दोन, दुपारी एक, आणि कुठे लग्नकार्याला जायचं असेल तर आणखी एक. पहिल्यासारखं मोकळं आता वाटतही नाही, पण घेतली नाही तर आधीपेक्षा वाईट होतं.

मार्चमध्ये मामाकडे मिरजेला गेले आणि स्ट्रिप घरी राहिली. दुसऱ्या दिवशी नाक गळायला लागलं, जांभयांवर जांभया, भर उन्हात अंगावर काटा, रात्रभर पाय एका जागी ठेवता येईनात. मामी म्हणाली, उन्हाळी सर्दी. घरी आल्यावर गोळी घेतली आणि तासाभरात सगळं गेलं. सर्दी अशी जात नाही, हे मलाही कळतं.

गेल्या आठवड्यात फॅमिली डॉक्टरांना धडधड आणि झोप येत नाही एवढंच सांगितलं. त्यांनी एस्सिटालोप्राम हे घबराटीवरचं औषध लिहून दिलं. या गोळ्यांचं सांगता आलं नाही, बाबाही त्यांच्याकडेच जातात. औषध आणलंय, सुरू केलं नाही. दोन्ही एकत्र चालतं का? की ट्रामाडॉल उद्यापासून एकदम बंद करून चार दिवस सोसू? सुट्टी लागतेय, म्हणून आत्ता विचारतेय.

मुसाफिर

एवढं घाबरू नका. मी मणक्याच्या दुखण्यासाठी दोन वर्षं हीच गोळी घेतोय, मला काही झालेलं नाही. पाच-सहा दिवस अंगाला त्रास होईल, मग सुटेल. सुट्टी आहेच, बंद करून टाका.

काउंटरमागून

मुसाफिर, तुमच्या हातात चिठ्ठी आहे आणि वरून डॉक्टरांची नजर आहे. ताईंचं तसं नाही, आणि एकदम बंद करा असं सांगू नका.

मी इचलकरंजीत २२ वर्षं मेडिकल चालवतो. ही गोळी मार्च २०१४ पासून एच-१ मध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, दिली की वेगळ्या रजिस्टरला डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या ते लिहायचं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. एप्रिल २०१८ मध्ये तर ट्रामाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. तरीही आमच्यातलेच काही जण ओळखीवर स्ट्रिप सरकवतात. त्याची मला लाज वाटते. ताईंच्या हातात ती अशीच पडली असणार.

आणखी एक. तुमच्या गोळीत बहुतेक ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात बघा. सर्दी वाटली म्हणून सर्दीची गोळी, डोकं दुखलं म्हणून आणखी एक, असं वर घेत असाल तर त्यातही पॅरासिटामॉलच असतं. सगळं मिळून लिव्हरवर येतं. मिरजेहून आल्यावर असं काही घेतलंत का, ते डॉक्टरांना नक्की सांगा.

दापोडीकर

ताई, तुमचं सहीचं वाचून माझ्या छातीत धस्स झालं. माझं फोनचं होतं. विमा विकायचो, रोज २५ फोन करायचे असायचे. एकेका फोनआधी संडासला जाऊन यायचो. कंबर धरली तेव्हा हीच गोळी मिळाली आणि त्या दिवशी मी सलग १९ फोन केले. मला वाटलं, बाकीची माणसं अशीच जगतात आणि मला हे इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही.

दोन वर्षांत संख्या कुठे गेली ते लिहीत नाही. फेब्रुवारी २०१९, सकाळी दाढी करत होतो. पुढचं आठवतं ते एवढंच, की नळ वाहतोय, जीभ चावली गेलीय आणि आई माझं डोकं मांडीवर घेऊन खाली ओल्या फरशीवर बसलीय. तिच्या एका हातात फोडलेला कांदा होता, दुसऱ्या हातात बाबांची चप्पल. शेजारच्यांनी हुंगवायला सांगितलं होतं. कांद्याने फिट थांबत नाही, हे तिला नंतर डॉक्टरांनी समजावलं. या गोळीनेच फिट येऊ शकते, हे मलाही तेव्हाच समजलं. आमच्या घरात त्याआधी कुणालाही कधी फिट आलेली नाही.

त्याआधी मी दोनदा खोलीत कोंडून घेऊन सोडायला बघितली होती. आमच्यात त्याला टर्की लागणं म्हणतात. अंगाचं सोसता येतं. पण टर्कीत जी भीती येते ती वेगळी. दूधवाल्याने बेल वाजवली तरी मला दार उघडवेना. मी समजलो, हाच माझा मूळ स्वभाव, गोळीशिवाय मी असाच. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी परत घेतली. नंतर मानसोपचाराच्या डॉक्टरांनी सांगितलं, ती भीती गोळी उतरल्याची होती. माझी जुनी भीती तिच्या निम्मीही नव्हती. हे आधी कळलं असतं तर ती दोन वर्षं गेली नसती, म्हणून एवढं लांबण लावतोय.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करत करत सुटायला मला सात आठवडे लागले. खरं काम त्यानंतरचं. समुपदेशक मॅडमनी पहिल्या आठवड्यात सांगितलं, इराण्याकडे जायचं, कप काठोकाठ भरलेला घ्यायचा आणि हात हलला तर हलू द्यायचा. हात लपवायचा नाही, दुसऱ्या हाताचा आधार द्यायचा नाही. कप बशीवर खडखडला, चहा सांडला. शेजारचा माणूस पेपर वाचत होता, त्याने मानही वर केली नाही. गोळी घेऊन मी शंभर कप धरले असते तरी हे मला दिसलं नसतं.

व्यसनमुक्ती म्हटलं की लोक दारूच धरून चालतात, मीही तसाच होतो. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं ते मुख्यतः गर्दुल्ल्यांसाठी, म्हणजे ब्राउन शुगरवाल्यांसाठी. तिथे गोळ्यांवाल्यांनाही कुणी वेगळ्या नजरेने बघत नाही.

एक मानसोपचारतज्ज्ञ

दापोडीकरांनी महत्त्वाचं सांगितलंच आहे. तुमच्या दोन प्रश्नांपुरतं बोलतो.

एस्सिटालोप्राम मनाने सुरू करू नका. औषध चांगलं आहे, तुमच्यासारख्या भीतीवर आम्ही देतोही. पण ट्रामाडॉल हे नुसतं अफूच्या जातीचं वेदनाशामक नाही. ते सेरोटोनिन आणि नॉरएड्रेनॅलिन ही मेंदूतली मनःस्थितीशी संबंधित रसायनंही वाढवतं, आणि म्हणूनच तुम्हाला ते धीराचं औषध वाटलं. वर आणखी सेरोटोनिन वाढवणारं औषध घेतलं तर फिट येण्याचा धोका वाढतो. कधी सेरोटोनिन सिंड्रोम होतो: ताप, दरदरून घाम, स्नायू आपोआप उडणं, जुलाब, भ्रमिष्टपणा. असं काही दिसलं तर थेट अपघात विभागात जायचं. दारू किंवा झोपेची, अल्प्राझोलामसारखी गोळी यासोबत अजिबात नको, श्वास मंदावतो.

एकदम बंदही करू नका. ट्रामाडॉल तोडताना नेहमीच्या त्रासासोबत काहींना तीव्र घबराट, अंगात करंट लागल्यासारखं होणं, भास असंही होतं. किती आणि किती दिवसांनी कमी करायचं ते तुम्हाला तपासणारा डॉक्टरच ठरवेल. इथे कुणी आकडे देऊ नयेत.

चारचौघांत घास घेताना, सही करताना हात थरथरणं हा सामाजिक भयगंड आहे. आम्ही रोज बघतो. वर्गात बोलता येतं आणि मस्टरपाशी अडतं, यात काहीही विचित्र नाही. दापोडीकरांनी कपाचं जे केलं तोच त्याचा उपचार, सोबत गरज पडली तर औषध, ज्याचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. ट्रामाडॉल तासाभरात गुण दाखवतं, तिथेच माणूस फसतो.

बाबांना कळेल ही भीती असेल तर, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आणि पोलिसांची धास्ती असेल तर एनडीपीएसमध्येच कलम ६४अ आहे, सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचार घ्यायला आलेल्या व्यसनी माणसाला ते संरक्षण देतं. आज रात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ मोफत आहे, २४ तास, मराठीतही बोलतात.

मुसाफिर

माझं चुकलं, बंद करा म्हणायला नको होतं. फिटचं मलाही कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या तपासणीला विचारतो.

कृष्णाकाठची

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. स्ट्रिपच्या मागे ३२५ च लिहिलंय. मार्चमध्ये सर्दीच्या गोळ्याही घेतल्या होत्या.

एस्सिटालोप्रामचं पाकीट तसंच बंद ठेवलंय. काल रात्री १४४१६ ला फोन केला. फोनवर काय बोलायचं ते मी नेहमी आधी कागदावर लिहून काढते, तसं याही वेळी लिहिलं, आणि तरी दुसऱ्याच वाक्याला रडू आलं. पलीकडच्या बाई थांबल्या. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जायला सांगितलंय. आईला सांगितलं, ती सोबत येतेय. बाबांना अजून नाही.

दापोडीकर, एक विचारू? डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य काय म्हणालात? मला तेच सुचत नाहीये.

दापोडीकर

काहीच म्हणालो नाही, ताई. खिशातली स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. मग त्यांनीच विचारलं, "दिवसाला किती?"