वैयक्तिक ब्लॉगवरून उत्पन्न: जाहिराती वाढवाव्यात की दुसरा मार्ग धरावा?

शिवणदोरा:
मी गेली तीन वर्षे ब्लॉग लिहीत आहे. त्यात प्रवास, वाचन, घरातले प्रसंग असे सर्व काही असले, तरी बहुतेक वाचक जुन्या शिवणयंत्रांच्या दुरुस्तीवरील आठ-नऊ लेखांसाठीच शोध घेत येतात, असे आकडेवारीवरून दिसते. वर्षभरापूर्वी गूगलच्या ॲडसेन्स या सेवेच्या जाहिराती लावल्या. परंतु जमा रक्कम अजून 100 डॉलरच्या किमान मर्यादेपर्यंत पोहोचली नसल्यामुळे हातात काहीच पडलेले नाही. जाहिरातींच्या जागा वाढवाव्यात का?

पानोपानी:
वाढवू नयेत. 2024 पासून ॲडसेन्सचा मोबदला मुख्यतः जाहिरात दिसण्यावर मोजला जातो हे खरे. तथापि प्रत्येक जागेसाठी जाहिरातदारांमध्ये बोली लागते आणि आपल्या प्रवासवर्णनाच्या वाचकाला त्या क्षणी काय विकत घ्यायचे आहे, हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे ती बोली फारशी चढत नाही. आणखी एक: स्वतःच्या जाहिरातींवर क्लिक करणे किंवा मित्रांना तशी गळ घालणे कटाक्षाने टाळावे, कारण त्यापायी खातेच बंद होऊ शकते.

तेलाची_कुपी:
आपला दुरुस्तीचा वाचक मात्र निराळा आहे. कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो म्हणून तो बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, उलटसुलट करून थकलेला असतो. दोष बहुधा वरच्या दोऱ्याच्या ओवणीत आहे, हे त्याला आपल्या लेखातून कळते आणि त्यानंतर लगेच त्याला नवी सुई हवी असते. तेथे ॲफिलिएट दुवा, म्हणजे ज्यावरून खरेदी झाल्यास आपल्याला कमिशन मिळते असा दुवा, शोभतो. घरगुती यंत्रांना बहुधा चपट्या दांड्याची 130/705 एच सुई चालते, पण काही जुन्या यंत्रांना ती चालत नाही. ही अट न लिहिता नुसता दुवा दिला, तर एक चुकीची सुई घेतलेला वाचक पुन्हा फिरकणार नाही. ॲमेझॉनच्या दुव्यावरून आलेल्या वाचकाची खरेदी साधारणपणे 24 तासांतच आपल्या नावावर धरली जाते, म्हणून दुवा गरज निर्माण होते त्या परिच्छेदातच असावा. कमिशन मिळते हे दुव्याजवळ स्पष्ट लिहावे. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत नव्हे.

जुना_वाचक:
वरील सल्ला योग्य आहे, पण कमिशनचे दर ठरवणारा दुसराच असतो आणि तो ते केव्हाही उतरवू शकतो. मला एका कंपनीने पैसे देऊन लेख छापण्याचा प्रस्ताव दिला होता. अट एवढीच की, लेख प्रायोजित असल्याचे कोठेही दिसू नये. मी नकार दिला. वाचकांची फसवणूक तर होतीच, शिवाय पैसे घेऊन दिलेल्या दुव्याला ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ अशी (शोधयंत्राने त्या दुव्याला महत्त्व देऊ नये, असे सांगणारी) खूण न करणे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्याचा फटका शोधातील स्थानाला, म्हणजे आपल्या त्या आठ-नऊ लेखांनाच बसला असता. माझ्या मते, यंत्राच्या प्रकारानुसार दोष ओळखण्याची सचित्र पुस्तिका तयार करून ती आपणच विकावी. मूळ लेख मात्र विनामूल्यच राहू द्यावेत, कारण वाचक त्यांच्यामार्गेच येतो.

शिवणदोरा:
सर्वांचे आभार. दुरुस्तीच्या लेखांमधील जाहिराती आजच काढतो. पुस्तिका लिहिण्यापूर्वी, ज्यांनी प्रतिसादांत शंका विचारल्या होत्या त्यांना ती कोणत्या यंत्रांसाठी हवी आहे, हे विचारून घेतो. माझ्याकडे पायडलच्या यंत्राचीच छायाचित्रे अधिक आहेत.