ऑटोमॅटिक अल्कलिनिटी टेस्टर घ्यावा का? 200 लिटर सॉफ्ट कोरल टँक, दापोली

खाजणकाठ_दापोली

नमस्कार मंडळी. इथलं वाचत असते नेहमी, लिहितेय पहिल्यांदा. माझा 200 लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, कोरलवाला फिशटँक) आहे, सगळे सॉफ्ट (दगडी सांगाडा नसलेले) कोरलच, झोआ, मशरूम, एक मोठा लेदर, झेनिया आणि क्लाउन माशांची जोडी. दगडांवर आणि मागच्या काचेवर कोरलाइन (चुन्याचं कवच करणारं शेवाळ) भरपूर चढलीय. नोकरी खेडला, सकाळी निघते ती संध्याकाळी सातला घरी. दिवसभर आई असते, ती माशांना खायला घालते, एटीओचा (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राचा) कॅन रिकामा झाला की भरते, पण टेस्ट किट काही तिच्याकडून होणार नाही आणि मलाही रात्री ट्यूबलाइटखाली तो रंग नक्की कधी बदलला ते कळत नाही.

तर प्रॉब्लेम असा की अल्क (अल्कलिनिटी, पाण्याची आम्ल सोसायची ताकद) फार वरखाली होतंय. मे महिन्यात साडेदहा डीकेएचच्या (अल्क मोजायचं एकक) वर गेलं होतं, आता आषाढात सातवर आलंय. मीठ तेच, पाणी बदलायचं प्रमाण तेच, नवीन काही टाकलं नाही. लेदर मिटून बसलाय, झेनिया गळायला लागलीय. म्हणून वाटतंय सरळ एखादं मशीन घ्यावं जे स्वतः पाणी ओढून टेस्ट करतं आणि मोबाईलवर आकडा दाखवतं. ट्रायडेंट, अल्काट्रॉनिक, रीफबॉट ही नावं वाचलीत. माझे दोन पगार जातील पण जीव वाचत असतील तर मी द्यायला तयार आहे. इकडच्या पावसाळ्यात टिकेल का? रिएजंटचं (टेस्टच्या रसायनाचं) काय करता? कोकणात कोणी वापरतंय का?

जांभा_आणि_मीठ

ताई मी वापरतोय, रत्नागिरीत, ॲसिड टायट्रेशनवालं. ते आत काय करतं ते आधी सांगतो म्हणजे बिघडतं कुठे ते कळेल. छोटा पंप सम्पमधून (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतून) मोजून पाणी घेतो, त्यात पीएच प्रोब असतो, मग दुसरा पंप थेंब थेंब ॲसिड सोडतो, पीएच साडेचारच्या आसपास आला की थांबतो आणि किती ॲसिड गेलं त्यावरून डीकेएच काढतो. बस एवढंच. म्हणजे सगळा खेळ दोन गोष्टींवर, पंपाने पाणी बरोबर मोजलं का आणि प्रोब खरं बोलतोय का. पंपातली नळी सतत दाबली जाऊन सैल पडते की मोजमाप चुकतं, आणि प्रोबला 4 आणि 7 पीएचच्या बफर द्रावणाने अधूनमधून कॅलिब्रेट करावंच लागतं, नाही केलं तर आकडा हळूहळू सरकत जातो आणि आपल्याला वाटतं टँकच सरकतोय.

ट्रायडेंट वेगळ्या पद्धतीचं आहे, ते रंगावर चालतं, अल्क दिवसातून चार वेळा आणि कॅल्शियम मॅग्नेशियम दोन वेळा. पण ते एकटं चालत नाही, त्याच कंपनीचा एपेक्स कंट्रोलर लागतो, शिवाय रिएजंटचा सेट साधारण दोन महिने पुरतो, म्हणजे वर्षाला सहा सेट बाहेरून मागवायचे. रीफबॉट आपल्या नेहमीच्या किटच्या बाटल्या वापरून कॅमेऱ्याने रंग वाचतो.

पावसाळ्याचं म्हणाल तर टिकतं, पण जागा नीट निवडा. सम्पच्या कपाटात ठेवाल तर मिठाचा थर चढतो, कनेक्टर हिरवे पडतात. माझं बाहेर भिंतीवर लावलंय. आणि सॅम्पलची नळी स्किमरच्या (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) बुडबुड्यांपासून लांब ठेवा, हवा गेली की आकडा कमी दाखवतं. मी समाधानी आहे, पण माझ्या टँकची अल्कची खपत रोजची आहे आणि मी डोसिंग करतो (अल्क वाढवायचं द्रावण मोजून घालतो). तुमची खपत किती?

वेंगुर्ल्याकडचो

ताई, माका इचारशात तर आधी लाइटीचा बघा. आमच्याकडे झाडाची फांदी तारेर पडली की रातभर काळोख, तेव्हा तुमचा मशीन काय करतला? मोबाईलर आकडा येवचो नाय, राउटरपण बंद. त्याच पैशात इन्व्हर्टर, दोन बॅटरीवाले एअरपंप आणि टेंपरेचरचो अलार्म येतलो. पाणी हलत रवला तर मासो जगता. सॉफ्ट कोरलाक एवढ्या यंत्राची गरज नाय असा माझा मत.

भरतीओहोटी_देवगड

मशीन बाजूला ठेवा जरा, मला दोन गोष्टी सांगा. एक, एटीओच्या कॅनमधे नुसतं आरओचं पाणी असतं की त्यात चुना टाकता? दोन, मेमधे कॅन किती दिवसांनी भरावा लागायचा आणि आता किती?

खाजणकाठ_दापोली

हो चुना टाकते! गेल्या वर्षीपासून, कॅल्शियम हायड्रॉक्साइड फूड ग्रेड, 20 लिटरच्या कॅनमधे सपाट चार चमचे, वरची निवळी जाते. आईला विचारलं, ती म्हणते मेमधे पंखा लावलेला तेव्हा आठवड्यात कॅन संपायचा, आता पंखा बंद, खिडक्या बंद, तर तीन आठवडे चालतोय. याचा काही संबंध आहे का?

भरतीओहोटी_देवगड

सगळा संबंध तिथेच आहे. चुन्याची निवळी बाष्पीभवनावर चालते, जेवढं पाणी उडेल तेवढीच आत जाते. मेमधे तुमच्याकडे रोज जवळपास 3 लिटर उडत होतं, आता एक लिटरसुद्धा नाही कारण हवाच ओली आहे, उडून जाणार कुठे. म्हणजे तुमचा अल्कचा डोस तिसऱ्या हिश्शावर आलाय आणि तो तुम्ही कमी केला नाही, पावसाने केलाय.

हिशोब बघा. पूर्ण संपृक्त निवळीचं 1 लिटर 200 लिटर पाण्यात साधारण अर्धा डीकेएच चढवतं. संपृक्त व्हायला लिटरला दीडेक ग्रॅमच्या वर चुना लागतो, तुमची निवळी अंदाजे त्याच्या एक तृतीयांश असेल. तरी मेमधे रोज अर्ध्या डीकेएचच्या आसपास चढत होता, आणि सॉफ्ट कोरल काही अल्क खात नाहीत फारसे, तुमच्याकडे खाते ती कोरलाइन. म्हणून तेव्हा साडेदहा. आता चढतोय त्यापेक्षा खाल्ला जातोय जास्त, म्हणून सात.

आणि सात हा आकडा वाईट नाही हां, खुल्या समुद्राचं पाणीच साधारण सात डीकेएचचं असतं. लेदर आणि झेनिया कंटाळतात ते वरखाली होण्याला. तेव्हा आज घाबरून एकदम नऊवर नेऊ नका.

मी काय करेन ते सांगतो. कॅनमधे साधं आरओचं पाणी. अल्क वेगळा द्यायचा, रोज सारखा, हवामान काहीही असो. 100 लिटरला 1 डीकेएच वाढवायला 3 ग्रॅम खायचा सोडा लागतो, बेकिंग पावडर नव्हे, नुसता सोडियम बायकार्बोनेट. तुमच्या टँकला 1 डीकेएचला 6 ग्रॅम. दिवसाला अर्ध्याच्या वर चढवायचं नाही, म्हणजे 3 ग्रॅम, आरओच्या पेलाभर पाण्यात विरघळवून सम्पमधे हळूहळू. आठपर्यंत आणा आणि तिथे धरून ठेवा. कॅल्शियम चुन्यातून मिळायचं ते आता बंद होईल, पण तुमच्या खपतीला पाणी बदलताना मिठातून येतं तेवढं पुरेल, महिन्यातून एकदा बघा 400 ते 450 पीपीएमच्या मधे आहे ना.

अलिबागकर_रीफ

हिशोब पटला, पण मशीनच्या बाजूने एक बोलतो. ताईंकडे मशीन असतं तर मेमधेच आलेख चढताना दिसला असता आणि जूनमधे उतरताना. हाताने टेस्ट करणारा माणूस आठवड्याला एकदा बघतो, तेही आठवण राहिली तर. दोन महिने अंधारात गेले नसते.

भरतीओहोटी_देवगड

दिसला असता हे मान्य. पण दिसणं आणि कळणं यात फरक आहे. मशीनने सांगितलं असतं "उतरतोय", कॅन तीन आठवडे चालतोय हे आईंनीच सांगितलं. आणि बहुतेक लोक मशीन घेतलं की त्याला डोसिंग पंप जोडतात, आकडा कमी आला की आपोआप सोडा जातो. मग जून-जुलैत सोडा वाढत गेला असता, आलेख सरळ दिसला असता, आणि ऑक्टोबरात ऊन पडून बाष्पीभवन वाढलं की चुना आणि सोडा दोन्ही एकदम. जोडणार असाल कधी तर दिवसाची कमाल मर्यादा घालूनच जोडा. प्रोब एकदा खोटं बोलला की रात्रीत टँक पांढरा होतो.

जांभा_आणि_मीठ

हे शंभर टक्के. माझ्याकडे मर्यादा आहेच. ताई तुमच्या खपतीला मशीन नको, मी माझं मत बदलतो. पण ट्यूबलाइटखाली रंग कळत नाही म्हणालात त्याचा इलाज करा, नाहीतर कुठल्याच आकड्यावर भरवसा राहणार नाही. सॅलिफर्टच्या किटमधे 4 मिली पाणी घेतो ना, त्याची बाटली पांढऱ्या कागदावर ठेवा, निळसर हिरव्याचा नारिंगी गुलाबी होतो तो क्षण दिवसाउजेडी स्पष्ट दिसतो, म्हणून रविवारी सकाळी करा. सिरिंजच्या टोकाला हवा राहते ती राहू दे, वाचन काळ्या रबराच्या कडेवर घ्या, दर वेळी त्याच कडेवर.

डोळ्यांवर सोडायचं नसेल तर हॅनाचा अल्कलिनिटी चेकर घ्या, 10 मिली पाणी, 1 मिली रिएजंट, आकडा समोर. आपल्याकडे एकच काळजी, चिलरचं गार पाणी भरलं की पावसाळी हवेत काचेच्या बाटलीवर बाष्प धरतं आणि वाचन चुकतं. पाणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, काच सुती फडक्याने पुसा, मगच आत ठेवा.

आणि किट खरं बोलतंय का ते घरीच तपासता येतं. सोनाराच्या छोट्या काट्यावर 3 ग्रॅम सोडा मोजा, ताज्या पुडीतला, ओलसर झालेला नको, तो 1 लिटर आरओच्या पाण्यात विरघळवा. त्यातलं 100 मिली घेऊन परत 1 लिटर करा. हे झालं 10 डीकेएचचं पाणी. किटने साडेनऊ ते साडेदहात दाखवलं तर किट चांगलं. मी दर नव्या बाटलीला हे करतो, मशीनलासुद्धा हेच पाजतो.

नवीनरीफ_कुडाळ

मधेच विचारतो, माफ करा. मी टँक सुरू करतोय, मालवणला ओळखीचे आहेत, किल्ल्याजवळून लाइव्ह रॉक (जीवजंतू असलेले समुद्रातले दगड) आणि थोडे कोरल आणले तर चालतील का, पाणीही तिथलंच आणेन म्हणतो

अलिबागकर_रीफ

अजिबात नको. स्टोनी कोरल आणि सगळे समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या परिशिष्ट 1 मधे आहेत, वाघ ज्या यादीत आहे त्याच. आणि मालवणचा तो भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. दगड उचलला तरी त्यावर काय काय जगतंय ते आपल्याला दिसत नाही. तिथे स्नॉर्कलिंगला जा, बघा, परत या. कोरडा दगड घेऊन टँकमधे बॅक्टेरिया वाढवा, वेळ लागतो पण होतं.

भरतीओहोटी_देवगड

पाण्याबद्दल, समुद्राचं पाणी मीही वापरतो पण जून ते सप्टेंबर नाही. नद्या भरून वाहतात, किनाऱ्याचं पाणी गोडसर आणि गढूळ होतं. थंडीत, भरतीच्या वेळी, खाडीच्या तोंडापासून लांब. आणि क्षारता मोजून घ्या, 35 च्या (हजार भाग पाण्यात 35 भाग मीठ) आसपास हवी. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या आरओवर शून्य करून भागत नाही, 35 च्या द्रावणाने लावा. ताई हे तुम्हीपण एकदा बघून घ्या, झेनिया अल्कमुळेच गळतेय असं अजून सिद्ध झालेलं नाही.

खाजणकाठ_दापोली

सगळ्यांचे मनापासून आभार. किट तपासलं, 10 च्या पाण्याला साडेदहा दाखवतंय, म्हणजे माझे आकडे थोडे वरचेच होते. क्षारता मात्र 33 निघाली! एटीओचा सेन्सर शेवाळाने भरलेला, पाणी जास्त सोडत होता बहुतेक. सेन्सर घासला, आता पाणी बदलताना थोडं जास्त खारं पाणी घालून हळूहळू वर आणतेय. कॅनमधे आजपासून साधं पाणी. मशीनचे पैसे इन्व्हर्टरला, वेंगुर्ल्याच्या दादांचं ऐकते. सोडा मात्र रोज हाताने नाही जमणार, म्हणून एक साधा डोसिंग पंप घेणार आहे. त्याला सोड्याचं पाणी किती दाट करू? आणि नळी किती टिकते?

जांभा_आणि_मीठ

क्षारता वर आणताना दिवसाला एकच्या वर नको. अल्कही तिच्याबरोबर थोडा चढेल, म्हणून सोडा सुरू करायच्या आधी परत मोजा. पाणी लिटरला 60 ग्रॅमपर्यंतच करा, त्याच्या फार वर गेलात तर थंडीत तळाशी सोडा बसू शकतो आणि डोस कमी पडतो. म्हणजे 50 मिलीत 3 ग्रॅम, तुमच्या टँकला अर्धा डीकेएच, हिशोब सोपा पडतो. लागणार मात्र त्याहून कमी, 15 मिलीपासून सुरू करून दोन आठवडे आकडा बघा आणि मग वाढवा. नळीचा भरवसा वर्षभराच्या पुढे धरू नका, आणि महिन्यातून एकदा पंपाला मोजपात्रात सोडून बघा, 50 म्हटलं तर 50 च येतंय ना. बाटली आईंच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, एटीओच्या कॅनपासून लांब आणि वर मोठ्या अक्षरात नाव लिहून.