तुकडे करायचे, पण कुठे?

'काम एकच आहे, मग पॅचचे (म्हणजे कोडमधले बदल एकत्र करून तपासायला पाठवतात त्या गठ्ठ्याचे) तुकडे कशाला' हे मला पटत नाही. काम एक असलं तरी त्यातले बदल वेगळे असतात.

गेल्या पावसाळ्यात फोंड्याला घरून काम करताना माझ्याकडे सातशे ओळींचा पॅच तपासायला आला. काजूखरेदीचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर. फंक्शनची नावं बदललेली, इंडेंटेशन (ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा) सारखं केलेलं, आणि त्या गर्दीत एक गणितही बदललेलं: आधी सगळ्या पोत्यांच्या वजनाची बेरीज करून मग राउंड व्हायचं, आता प्रत्येक पोतं वेगळं राउंड होत होतं. मला ते दिसलंच नाही. एका बागायतदाराचे पैसे कमी आले, तेव्हा कळलं. याचं मला आजही वाईट वाटतं. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) मधल्या बायसेक्टने, म्हणजे बिघाड कुठल्या बदलापासून सुरू झाला ते शोधणाऱ्या आज्ञेने, तो कमिट (नोंदवलेला बदल) लगेच शोधून दिला, पण त्यातली नेमकी ओळ शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली. नावांचा पॅच वेगळा असता तर गणिताच्या तीन ओळी समोर उघड्या दिसल्या असत्या.

लिनक्स कर्नलच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) नियमांत एका पॅचमध्ये एकच प्रश्न सोडवा असं आहे. शिवाय मालिकेतल्या प्रत्येक पॅचनंतर कर्नल नीट बिल्ड होऊन (कोडपासून प्रोग्रॅम तयार होऊन) चाललं पाहिजे, ही अटही आहे. ती लोक विसरतात. फंक्शनचं नाव एका पॅचमध्ये बदललं आणि ते वापरणाऱ्या जागा पुढच्यात, असे तुकडे करू नका; मधल्या टप्प्यावर कोड बिल्ड होत नाही आणि बायसेक्ट तिथे अडतं.

सगळं आधीच एकत्र लिहून झालं असेल तर गिट ॲडला (पुढच्या कमिटमध्ये कुठले बदल घ्यायचे ते निवडणाऱ्या आज्ञेला) पॅचचा पर्याय द्या. ते एकेक बदल दाखवून विचारतं, आणि 'एस' दाबलं की शक्य तिथे मोठा तुकडा आणखी फोडतं.