प्रतिसाद: तेलगावातलं मोठं दुकान

मोठं दुकान आलं की गावात स्वस्ताई येते, हे म्हणणं एरवी मान्य केलं असतं. पण तेलगावाचं, म्हणजे जमिनीतून तेल निघणाऱ्या गावाचं, गणित वेगळं असतं. अमेरिकेतलं नॉर्थ डकोटाचं विलिस्टन घ्या. 2010च्या जनगणनेत तिथे 14,716 माणसं होती. बाकेन नावाच्या तिथल्या खडकाच्या थरातून तेल निघायला लागलं आणि देशभरातून लोक लोटले. तिथलं मोठं दुकान म्हणजे वॉलमार्ट. त्यात गिऱ्हाइकांची झुंबड, पण माल मांडायला माणूस मिळेना. मिळणार कसा? तेलाच्या रिगवर दुकानाहून कितीतरी जास्त पैसे!

शेवटी 2014 साली ताशी 17.40 डॉलरपासून पगाराची पाटी लागली. केंद्राचं किमान वेतन तेव्हा 7.25 डॉलर होतं. त्या पाटीचा फोटो खूप फिरला आणि 'बघा, बाजारच पगार वाढवतो' म्हणणाऱ्यांनी तो मिरवलाही. चूक नाही, पण अर्धंच. त्याच वर्षी तिथल्या एका बेडरूमच्या साध्या घराचं सरासरी भाडं महिन्याला 2,394 डॉलर होतं, न्यूयॉर्कपेक्षा जास्त. आठवड्याचे चाळीस तास धरले तर महिन्याचा पगार होतो साधारण 3,000 डॉलर, तोही कर कापायच्या आधी. उरलं काय, ते तुम्हीच मोजा. त्याआधी कित्येक जण दुकानाच्याच पार्किंगमध्ये गाडीत झोपायचे. 2012च्या सुमारास तीही सोय बंद झाली.

2016च्या सुरुवातीला तेल पिंपाला 30 डॉलरच्या खाली गेलं, तशी भाडीही गडगडली. दुकान मात्र तिथेच राहिलं.