दिवाळीनंतर निव्वळ लिंबूपाणी? नको

दिवाळीत वाढलेलं वजन उतरवायला दोन दिवस नुसत्या लिंबूपाण्यावर काढायचं म्हणताय, पण इंदुरात तिसऱ्या रात्री पाय आपोआप सराफ्याकडे, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजाराकडे, वळतील. सणात एकदम वाढलेलं वजन बरंचसं पाणीच असतं: साठलेल्या ग्लायकोजेनच्या (शरीरातल्या साखरेच्या साठ्याच्या) दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलं जातं, त्यात शेव-फरसाणातलं मीठही पाणी धरून ठेवतं. साध्या जेवणावर ते आपसूक उतरतं.

सकाळचे पोहे सोडू नका. जिलबी आणि वरची मूठभर शेव तेवढी काढा, मटार वाढवा. रात्री दोघांना मऊ खिचडी: अर्धी वाटी तांदूळ, तेवढीच सालाची मूगडाळ, पाच वाट्या पाणी, वर चमचाभर तूप, सोबत काकडीची कोशिंबीर. डाळ कमी घातली की दहाला पुन्हा डबे उघडतात. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास मुळीच नको. आणि हो, उरलेला चिवडा आधी ओट्यावरून हलवा!